लेकीची मुलाखत, गटाची तयारी

कुणी भाकरी टाकत असेल, कुणी शेळ्यांना चारा टाकत असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

दर वेळी आम्ही बँकेचे कागद, हप्ता, पापड-मसाल्याचा धंदा यावर बोलतो. आज जरा वेगळं बोलायचं आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींनी गटाचं कर्ज काढून लेकी शिकवल्या. कुणाची नांदेडला, कुणाची लातूरला. फी भरली, खोलीभाडं भरलं, एसटीत डबे ठेवून पाठवले. आता शिक्षण संपलं, नोकरीच्या मुलाखतीची वेळ आली, की आपण म्हणतो, "इथून पुढं तिचं ती बघंल. आपल्याला त्यातलं काय कळतंय?" आम्हीही असंच म्हणत होतो. ते कसं चुकलं आणि कसं सुधारलं, ते आज सांगतो.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. इकडून लातूर लांब, तिकडून नांदेड लांब. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक सिव्हिल इंजिनिअर झाली. सिव्हिल म्हणजे घरं, रस्ते, पूल, पाण्याच्या टाक्या बांधायचं शिक्षण. तिचं नाव घेणार नाही, तसं तिला कबूल केलंय. तिला साइट इंजिनिअर व्हायचं होतं. ऑफिसात बसून नकाशे काढायचं काम वेगळं. साइट इंजिनिअरनं बांधकामावर उभं राहायचं, नकाशाप्रमाणं काम होतंय का बघायचं, माल मोजून घ्यायचा, चुकलं तर थांबवायचं.

नांदेडला तिची पहिली मुलाखत होती. आम्ही सगळ्यांनी मिळून तिची तयारी केली. काय केली? नवा ड्रेस घेतला. "हळू बोल, मान खाली ठेव, मोठ्या माणसाला उलटून बोलू नको," असं चौघी-पाच जणींनी बजावलं. देवाला नारळ कबूल केला. तिनं वहीभर प्रश्न-उत्तरं पाठ केली. झाली तयारी.

समोर तिघं बसले होते. पहिलाच प्रश्न आला, "पंचवीस चौरस मीटरचा स्लॅब आहे, दहा सेंटिमीटर जाड. सिमेंटची किती पोती मागवशील?" हिला सूत्र येत होतं, पण कागद-पेन मागायचं धाडस होईना. गप्प बसली. दुसरा प्रश्न, "मिस्त्री काँक्रीटमध्ये जास्त पाणी ओततोय, काय करशील?" हिनं पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवली. साहेब म्हणाले, "व्याख्या राहू दे. मिस्त्री तुझ्या वडलांच्या वयाचा आहे, ऐकत नाही. काय करशील?" हिची मान खाली गेली. आम्हीच तर सांगितलं होतं, मान खाली ठेव म्हणून. तिसऱ्यानं विचारलं, "साइटवर पोरी टिकत नाहीत. लग्न कधी आहे?" दहा मिनिटांत पोरगी बाहेर.

एसटीत लोहा येईपर्यंत ती आईशी एक शब्द बोलली नाही. घरी वडील म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ. नाहीतर बीएड कर. स्थळं तर यायलीतच." वडील वाईट नाहीत, मैत्रिणींनो. शिकवायला त्यांनीच बैल विकला होता. पण रिकाम्या हातानं परत आलेली लेक बघून बाप घाबरतो. आता दिवाळीला तीन महिने उरले होते.

पुढच्या बैठकीला ती आईसोबत आली आणि कोपऱ्यात बसली. हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या. मग आम्ही विचारलं, "काय विचारलं गं तिथं?" तिनं स्लॅबचा प्रश्न सांगितला. आमच्यातल्या एका ताईंचं घरकुल मागच्या उन्हाळ्यात झालं होतं. त्या पटकन म्हणाल्या, "वीस पोती. माझ्या घराला एकवीस आणली होती, एक उरलं."

पोरीनं वही उघडली आणि हिशोब मांडला. पंचवीस चौरस मीटर गुणिले दहा सेंटिमीटर, म्हणजे अडीच घनमीटर काँक्रीट. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी असं मिश्रण धरलं, तर एका घनमीटरला साधारण आठ पोती. अडीच गुणिले आठ, वीस! पोरगी वहीकडं बघते, ताईंकडं बघते. एवढ्या दिवसांनी ती पहिल्यांदा हसली. ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला कसं माहीत?" ताई म्हणाल्या, "पैसे मी मोजले, पोती मी उतरून घेतली. मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

त्या दिवशी आमच्या डोक्यात उजेड पडला. मुलाखतीची अर्धी तयारी पुस्तकात असते. उरलेली अर्धी बांधकामावर असते, आणि तिथं तर आपण रोज असतो. कुणी घरकुल बांधलंय, कुणी बांधकामावर पाट्या उचलल्यात, कुणाचा नवरा सेंट्रिंगवाला आहे. मग आपल्याला काही कळत नाही, असं कसं?

आमच्या गटात एक काकू आहेत. त्यांचं माहेर औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूला. त्यांनी त्या दिवशी जुनी गोष्ट सांगितली. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. पहाटे चार वाजायच्या आत भूकंप झाला. आमच्यातल्या बऱ्याच जणी तेव्हा अगदी लहान होतो, काही तर जन्मल्याही नव्हतो. काकू म्हणाल्या, "माणसं धक्क्यानं कमी मेली, भिंतीखाली जास्त मेली." जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद. बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये नुसती माती आणि कपच्या. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर मातीचं जडच्या जड माळवद. धक्का बसला तशा भिंती उकलल्या आणि माळवद अंगावर आलं.

नंतर सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं घरं बांधायचं आणि जुनी घरं दुरुस्त करून मजबूत करायचं मोठं काम काढलं. स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेनं, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं, त्या कामात गावोगावच्या बाया जोडल्या. 'संवाद सहायक' म्हणून बाया नेमल्या गेल्या. त्या घरोघर जायच्या, मदतीचा पैसा कुठं खर्च करायचा ते समजावून सांगायच्या आणि बांधकाम बघायच्या. कोपऱ्याला सांधा घेतला का, भिंतीत आरपार दगड बसवला का, दारं-खिडक्यांच्या वरून चारी बाजूंनी पट्टा फिरवला का, काँक्रीटला पाणी मारलं का. काकू त्यातल्याच एक. पुढं २६ जानेवारी २००१ ला गुजरातेत कच्छचा भूकंप झाला, तेव्हा आपल्या लातूर-उस्मानाबादच्या बाया तिकडच्या बायांना हे काम समजावून सांगायला गेल्या.

काकू पोरीला म्हणाल्या, "मी सातवी शिकले. सुरुवातीला गवंडी मला हसायचा. मी त्याला शिकवायला गेले नाही. फक्त विचारायचे, दादा, हा दगड आरपार का नाही घातला? एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा त्यानं घातला. तू तर शिकलेली. तू मान खाली कशाला घालतीस?"

मैत्रिणींनो, साइट इंजिनिअर हे काम नुसतं पगाराचं नाही. चुकीची भिंत उभी राहू द्यायची नाही, हे ते काम आहे. त्यासाठी मान वर पाहिजे. मुलाखत घेणारा तेच तपासत असतो.

मग आम्ही खरी तयारी सुरू केली. तुमच्या गटातही करता येईल, म्हणून एकेक सांगतो.

पहिलं, बांधकाम बघायला जायचं. गावात त्या वेळी दोन घरकुलं आणि शाळेची एक खोली चालू होती. पोरगी रोज सकाळी दोन तास तिथं. पाया खोदण्यापासून स्लॅबपर्यंत जे बघितलं ते वहीत. तारीख, काय काम झालं, किती माल लागला, काय चुकलं. साइटवर इंजिनिअर रोज असाच अहवाल लिहितो. ती वही तिच्या फाइलमधला सगळ्यात भारी कागद ठरली.

दुसरं, तोंडचे हिशोब. वाळू-खडी आपल्याकडं ब्रासनं येते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. सिमेंटचं एक पोतं ५० किलोचं. सळईचं वजन काढायचं तर मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करायचा आणि १६२ नं भागायचं. बारा मिलिमीटरची सळई मीटरला ८९० ग्रॅमच्या आसपास भरते, बारा मीटरची अख्खी सळई पावणेअकरा किलोच्या आत-बाहेर. हे कशाला? ट्रक आल्यावर वजनाची पावती खरी की खोटी, हे सळया मोजून ताडता येतं. आम्ही भाकरी करता करता तिला विचारायचो, "सोळा मिलिमीटरची सांग गं." ती पीठ मळता मळता सांगायची, "एक किलो ५८०."

तिसरं, काँक्रीटचं. यावर प्रश्न येतोच. पाणी जास्त झालं की काँक्रीट ओतायला सोपं जातं, पण वाळल्यावर कच्चं राहतं. पोत्याच्या निम्म्या वजनाइतकं पाणी धरलं, तर ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर होतं. काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात आणि ते सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून बघतात. एम-२० म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन एवढा दाब सोसणारं काँक्रीट. सळई उघडी पडू नये म्हणून खाली कव्हरचे ठोकळे ठेवायचे, स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०. पाणी किती दिवस मारायचं? साध्या सिमेंटला कमीत कमी सात दिवस. आपल्यासारख्या कडक उन्हात दहा. राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट असेल तर चौदा दिवस मारलेलं बरं. आपल्याकडं टँकरचं पाणी, म्हणून लोक तीन दिवसांत सोडून देतात. तर ओली पोती अंथरावीत, स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून पाणी साठवावं. हे उत्तर पुस्तकातही आहे आणि आपल्या अंगणातही.

चौथं, काळी माती. नांदेड-लातूरकडं काम करायचं तर हा प्रश्न ठरलेला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. आपण शेतात बघतोच, मे महिन्यात भेगेत हात जातो. तिच्यावर उथळ पाया घातला की भिंतीला तडे जातात. म्हणून पाया खाली मुरमापर्यंत, कठीण थरापर्यंत न्यायचा, काळी माती काढून मुरूम भरायचा आणि थराथरानं पाणी मारून धुमसायचा. पोरगी म्हणाली, "हे मी परीक्षेला पाठ केलं होतं, पण आईच्या शेतातल्या भेगा कधी आठवल्या नाहीत."

पाचवं, सुरक्षा. डोक्यावर हेल्मेट, उंचीवर पट्टा, आणि दीड मीटरपेक्षा खोल चर खोदला तर बाजूंना आधार दिल्याशिवाय माणूस आत उतरवायचा नाही. "काम उशिरा झालं तरी चालेल, पण माणूस उतरवणार नाही," हे वाक्य ठामपणे म्हणता आलं पाहिजे.

आता गंमत ऐका. आम्ही समाजमंदिरात खोटी मुलाखत ठेवली. तीन खुर्च्या टाकल्या. एका खुर्चीत घरकुलवाल्या ताई, दुसरीत काकू, तिसरीत आम्ही समन्वयक, हातात तिनंच लिहून दिलेले प्रश्न. आधी सगळ्या हसून हसून बेजार. मग काकूंनी मिस्त्रीचा आवाज काढला, "ए पोरी, तीस वर्षं झाली मला काम करायला, तू शिकवायलीस का?" पोरगी पुन्हा गप्प. चार आठवडे, दर बैठकीनंतर अर्धा तास, हाच खेळ. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण पाणी मोजूनच टाकायचं. ओतायला जड जात असेल तर मी सरांना विचारून उपाय करते. तोपर्यंत हा माल स्लॅबवर जाणार नाही." काकूंनी खुर्चीतून उठून तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मुलाखत तिथंच संपली!

लग्नाच्या प्रश्नाचंही आम्ही ठरवलं. रागवायचं नाही, रडायचं नाही. शांतपणे म्हणायचं, "सर, माझ्या कामाबद्दल विचारा. मी साइटवर वेळेवर येईन आणि दिलेलं काम पूर्ण करीन." आणि आपणही प्रश्न विचारायचे. हजेरी किती वाजता, राहायची सोय काय, साइटवर बायांसाठी संडास आहे का. यात लाज कसली? बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली जो कायदा झाला, त्यातही साइटवर संडास-मुतारीची सोय सांगितलेली होती. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती पाहिजे, हे २०१३ चा कायदा सांगतो. लेकीला हे माहीत पाहिजे, आणि बापालाही. बापाची निम्मी भीती अशा माहितीनं जाते.

एक दिवस आम्ही तिच्या वडलांना शकुंतला भगत यांच्याबद्दल सांगितलं. या बाईंनी १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिलची पदवी घेतली. पुढं नवऱ्याच्या जोडीनं सुटे भाग जोडून पोलादी पूल उभारायची पद्धत काढली. हिमाचलातल्या स्पितीसारख्या अवघड डोंगरात १९७२ साली त्यांचा पूल उभा राहिला. वडील ऐकून घेत होते. म्हणाले एवढंच, "तवा जमलं, तर आता का नाही जमणार."

दिवाळीच्या आधी तीन आठवडे लातूरला मुलाखत आली. या वेळी जुनाच ड्रेस, इस्त्री केलेला. पायात बांधकामावर चालतील असे बूट. फाइलमध्ये गुणपत्रकं, ओळखपत्रं, त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि ती वही. बसस्टँडवर सोडायला वडील आले.

तिला विचारलं, स्वतःबद्दल सांग. पहिल्या वेळी तिनं गाव आणि आई-वडलांची नावं सांगितली होती. या वेळी म्हणाली, "मी सिव्हिलची पदवी घेतली आहे. गेले दोन महिने गावातली तीन बांधकामं रोज बघते आहे. ही माझी नोंदवही." साहेबांनी वही मागून घेतली आणि बराच वेळ चाळली. एका पानावर तिनं लिहिलं होतं, 'शाळेच्या कॉलमला खाली मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडली. व्हायब्रेटर नीट फिरवला नव्हता.' त्यावरच पाच-सहा प्रश्न झाले. एका यंत्राबद्दल विचारलं, ते तिनं कधी बघितलं नव्हतं. ती म्हणाली, "हे मी पाहिलेलं नाही सर. शिकायला आवडेल." खोटं बोलली नाही. हिशोबाला कागद मागून घेतला. मिस्त्रीचा प्रश्न आला, तेव्हा तिला म्हणे काकूंचा चेहरा आठवला आणि हसू दाबावं लागलं. शेवटी तिनं संडासाचं विचारलं. ते एकमेकांकडं बघायला लागले. एक जण म्हणाले, "चांगला प्रश्न आहे, करून घेऊ."

आठ दिवसांनी फोन आला. शिकाऊ साइट इंजिनिअर म्हणून घेतलं. पगार फार नाही. खोलीभाडं आणि डबा जाऊन थोडं उरतं. ऊन आहे, धूळ आहे, काही मिस्त्री अजून ऐकत नाहीत. संडास दीड महिन्यानं झाला, पण झाला, आणि आता तो पाट्या उचलणाऱ्या बायाही वापरतात. त्यांच्यासाठी आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

पहिल्या पगारातून तिनं गटाच्या कर्जाचा हप्ता स्वतःच्या हातानं भरला. आईनं अंगठ्याच्या जागी आता सही करायला शिकलंय, ती सही पावतीवर केली. आम्ही समन्वयक पावत्या रोजच फाडतो, पण ती पावती फाडताना आमचे डोळे भरून आले.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. तुमच्या गटातली कुणाची लेक, सून, भाची मुलाखतीला जाणार आहे, ते विचारा. सिव्हिलची असो, नर्सिंगची असो, बँकेची असो. तीन खुर्च्या टाका. तिच्याकडूनच प्रश्न लिहून घ्या आणि तिला विचारा. चुकली तर हसू नका, पुन्हा विचारा. ज्या कामाला ती निघाली, त्यातलं आपल्यापैकी कुणी काय केलंय, ते तिला सांगा. आणि निघताना मान खाली ठेव म्हणू नका. सरळ बघ, खरं बोल, माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, एवढंच सांगा.

आमच्या काकू सध्या पुढच्या पोरीची वाट बघतायत. मिस्त्रीचा आवाज त्यांनी अजून मोडीत काढलेला नाही.

भेटू पुढच्या वेळी. राम राम.